योजना आहे, पण कार्यालय कोणते? शेती आणि मृद-जलसंधारणाविषयी वाचकांचे प्रश्न

खरीप हंगाम आवरत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत शासकीय योजनांविषयीची विचारणा वाढते. या वेळी विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे न देता फक्त तालुका दिला आहे. पाचही पत्रांच्या मुळाशी एकच अडचण आहे. योजना असल्याचे शेतकऱ्याच्या कानावर आलेले असते, परंतु तिचा अर्ज कोणाच्या टेबलावर जायचा हे सांगणारा माणूस त्याला भेटत नाही.

प्रश्न : माझे साडेचार एकर वावर उतारावर असून दर पावसाळ्यात वरची माती वाहून जाते आणि खालच्या धुऱ्याजवळ आता घळ पडली आहे. बांधबंदिस्तीसाठी अनुदान मिळते असे ऐकून मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो, तेव्हा पंचायत समितीत विचारा असे सांगण्यात आले. पंचायत समितीने पुन्हा तालुका कार्यालयाकडे पाठवले. मी नेमके कोठे जावे?
(एक शेतकरी, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : आपल्याला जो त्रास झाला त्याचे कारण असे की, प्रत्येक तालुक्यात शेतीची दोन वेगवेगळी शासकीय कार्यालये असतात आणि त्यांचे वरिष्ठही वेगवेगळे असतात. तालुका कृषी अधिकारी हे राज्य शासनाच्या कृषी विभागाचे अधिकारी आहेत. त्यांच्या वर उपविभागीय कृषी अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि विभागीय कृषी सहसंचालक अशी साखळी आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यासाठी सहसंचालकांचे कार्यालय अमरावतीला आहे. त्यांच्या खाली मंडळ कृषी अधिकारी, पर्यवेक्षक आणि गावपातळीवर कृषी सहायक असतात, ज्यांचे पदनाम आता सहायक कृषी अधिकारी असे झाले आहे. पंचायत समितीतील कृषी अधिकारी मात्र जिल्हा परिषदेच्या कृषी विकास अधिकाऱ्यांना उत्तरदायी असतात. ठिबक, तुषार, यंत्रे, शेततळे, फळबाग, बांधबंदिस्ती ही कामे पहिल्या साखळीकडे येतात, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठीच्या विहिरींच्या योजना आणि जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतील योजना दुसऱ्या साखळीकडे जातात. याखेरीज मृद व जलसंधारण विभाग हा तिसरा, स्वतंत्र विभाग आहे. जिल्ह्यात त्याचे जिल्हा जलसंधारण अधिकारी असतात आणि सिमेंट नाला बांधासारखी मोठी कामे त्यांच्याकडे असतात. आपल्या कामाचे दार पहिले आहे, म्हणजे तालुका कृषी अधिकारी. परंतु तेथे जाण्याआधी आपल्या गावाच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटावे, कारण शेत पाहून प्रस्तावाची सुरुवात तेच करतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक कार्यालयांत कोणी समजावून सांगत नाही. ठिबक संचासाठी एकट्या शेतकऱ्याचा अर्ज चालतो. बांधबंदिस्तीचे तसे नसते. आपल्या वावरातून वाहणारे पाणी आपल्या वावरात पडलेले नसते, ते वरच्या चार-सहा शेतकऱ्यांच्या शेतांतून उतरत येते, आणि म्हणून मृदसंधारणाची कामे माथ्यापासून पायथ्यापर्यंत, संपूर्ण पाणलोट धरून आखली जातात. माथ्यावर सलग समतल चर, ओघळीत अनघड दगडांचे बांध, मधल्या उतारावर कंपार्टमेंट बंडिंग (शेतात ठरावीक अंतरावर घातलेले मातीचे बांध) आणि खाली नाल्याचे काम, असा तो क्रम असतो. हे सगळे गावाच्या आराखड्यात यावे लागते. जलयुक्त शिवार अभियानाचा दुसरा टप्पा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्यात शिवार फेरी काढून आराखडा तयार करणे, त्याला ग्रामसभेची मान्यता घेणे आणि नंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून तो मंजूर करून घेणे, असा मार्ग आहे. तेव्हा आपला जमिनीचा गट क्रमांक त्या आराखड्यात आहे की नाही, हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे, आणि तो नसेल तर लेखी मागणी ग्रामपंचायतीत नोंदवून पुढच्या ग्रामसभेत ती वाचून घेतली पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना आपण आणि आपल्या वरचे शेतकरी एकत्र गेलात, तर मागणीला वजन येते. रोजगार हमीतून करावयाची कामेही ग्रामसभेच्या मान्यतेनेच पुढे जातात आणि त्यांचे वार्षिक नियोजन साधारण ऑक्टोबरच्या सुमारास होत असल्यामुळे त्या वेळची ग्रामसभा चुकवू नये.

तिसरे असे की, यवतमाळ जिल्हा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आहे. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ पासून चाललेल्या या प्रकल्पाला शेतकरी पोकरा या नावाने ओळखतात. पहिल्या टप्प्यात विदर्भातील सहा जिल्हे होते. दुसऱ्या टप्प्यात राज्यातील २१ जिल्ह्यांतील ७,२०१ गावे निवडली असून त्यांत विदर्भाचे अकराही जिल्हे आले आहेत. मात्र जिल्हा प्रकल्पात असणे आणि आपले गाव प्रकल्पात असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. गावाचे नाव यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे. असल्यास गावातील समितीचे सदस्य कोण आहेत हेही तेथेच कळेल, आणि वैयक्तिक लाभासाठी प्रकल्पाची अर्जप्रणाली स्वतंत्र असल्याचे लक्षात ठेवावे.

आराखड्यात नाव येऊन यंत्र शेतात येईपर्यंत एक-दोन पावसाळे जाऊ शकतात. तोपर्यंत माती थांबणार नाही, म्हणून जे आपल्या हातात आहे ते याच हंगामापासून करावे. उताराला आडवी नांगरट आणि आडवीच पेरणी, सोयाबीन असल्यास रुंद सरी-वरंब्यावर लागवड, पराटीच्या (कपाशीच्या) दोन-चार ओळींनंतर एक सरी, आणि घळीच्या तोंडाशी माती न लोटता वरच्या बाजूने दगडांचे छोटे अडथळे. खालून माती भरलेली घळ पहिल्या जोरदार पावसात पुन्हा उघडते आणि जाताना आणखी रुंद होते.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. यजमान वारल्यावर शेती माझ्या आणि दोन दिरांच्या नावे सामाईक आहे. शेजारच्या एका शेतकऱ्याने शेततळे खोदले, पण त्याला अनुदान मिळाले नाही. मी आधी खोदकाम करून घ्यावे की आधी अर्ज करावा? गावातील एक जण पैसे घेऊन मंजुरी आणून देतो म्हणतो.
(एक शेतकरी महिला, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

उत्तर : ताई, आधी अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खोदकाम. आपल्या शेजाऱ्यांचे अनुदान का अडले हे त्यांची कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, परंतु विदर्भातून येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक आढळणारे कारण हेच असते की, काम किंवा खरेदी पूर्वसंमतीच्या आधी झालेली असते. कृषी विभागाच्या बहुतेक योजनांचा क्रम ठरलेला आहे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन व्यवस्थेच्या शेतकरी योजना संकेतस्थळावर अर्ज करायचा. निवड झाल्याचा संदेश आल्यावर कागदपत्रे चढवायची. छाननीनंतर पूर्वसंमती मिळते. मग ठरलेल्या मुदतीत काम करून देयके चढवायची. अधिकारी शेतात येऊन मोका तपासणी करतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. यातली एक पायरी जरी मागेपुढे झाली तरी प्रस्ताव अडकतो, आणि तोपर्यंत शेतकऱ्याचा पैसा मातीत गेलेला असतो. वैयक्तिक शेततळ्यासाठी मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते.

पूर्वी निवड सोडतीने होत असे. २०२५ पासून प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य ही पद्धत स्वीकारण्यात आली असल्यामुळे अर्जाला उशीर करणे आता परवडणारे नाही. त्याच वर्षी १५ एप्रिलपासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही बंधनकारक झाला आहे. तो आधार कार्ड आणि सातबाऱ्याच्या आधारे सेवा केंद्रातून काढता येतो. ही नोंद आपल्या स्वतःच्या नावाने होणे अत्यावश्यक आहे. वारस फेरफार होऊन सातबाऱ्यावर आपले नाव चढले आहे का, हे आजच तलाठ्यांकडे, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे तपासून घ्यावे. पतीच्या पश्चात शेती कसणाऱ्या अनेक भगिनींचे प्रस्ताव केवळ या एका नोंदीअभावी परत जातात, याचे आम्हांला फार वाईट वाटते. खाते सामाईक असल्यामुळे दोन्ही दिरांचे सहमतीपत्र लागेल. घरात बोलणे अवघड वाटत असेल तर वाटणीचा विषय न काढता फक्त शेततळ्यापुरते सहमतीपत्र मागावे, कारण त्या कागदाने कोणाचा हिस्सा कमी होत नाही.

खारपाणपट्ट्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल क्षारयुक्त असल्याने नव्या विहिरीचे अनुदान मिळाले तरी त्याचा पिकाला उपयोग नसतो, आणि पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवून एक-दोन संरक्षित ओलिते देणे हाच भरवशाचा उपाय ठरतो. येथील खोल चिकण मातीत पाणी मुरण्याचा वेग मुळातच कमी असतो. म्हणून प्लास्टिक अस्तरीकरणाचा खर्च आपल्या शेतात खरोखर आवश्यक आहे का, हे विक्रेत्याला न विचारता कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारावे. तळे किती खोल घ्यावे हाही प्रश्न त्यांनाच विचारावा, कारण खालच्या खारट पाण्यापर्यंत खोदाई गेल्यास केलेले सगळे वाया जाते.

पैसे घेऊन मंजुरी आणून देणाऱ्याला नाही म्हणावे. महाडीबीटीवर अर्ज भरताना २३ रुपये ६० पैसे इतके शासकीय शुल्क लागते. सेवा केंद्रचालक त्याचे सेवाशुल्क घेईल आणि त्याची पावती मागावी. मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक आणि बँकेचे पासबुक कोणाच्याही हाती ठेवू नये.

प्रश्न : आमच्या धानाच्या बांध्यांच्या वर एक जुनी बोडी (लहान तळे) आहे. ती गाळाने भरली असून दिवाळीच्या आधीच कोरडी पडते आणि शेवटच्या पाण्याला धान अडकतो. गाळ काढण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा आणि निघालेला गाळ शेतात टाकता येईल का?
(एक शेतकरी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा)

उत्तर : आधी बोडी कोणाची आहे ते पाहावे लागेल. सातबाऱ्यावर ती आपल्याच गटात आणि आपल्याच नावे असेल तर बोडीच्या नूतनीकरणाची मागणी तालुका कृषी कार्यालयाकडे आणि गावाच्या आराखड्यात करावी. ती गावाची असेल, म्हणजे निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक वापराच्या जागांच्या नोंदीत) तिची नोंद असेल, तर एकट्याने तिला हात लावता येणार नाही आणि ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. आणि ती बोडी नसून माजी मालगुजारी तलाव असेल, तर लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात ते हेच. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उतार पाहून हे तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची जमीनदारी, १९५१ साली संपल्यावर तलाव शासनाकडे आले. परंतु दरवर्षी पाळ (तलावाचा बांध) आणि नहर (पाट) दुरुस्त करण्याची जी जबाबदारी गाव एकत्र येऊन पार पाडत असे ती कोणाची, हे पुढे नीटसे ठरलेच नाही. आज आपल्या धानाला शेवटचे पाणी मिळत नाही, त्याचे मूळ पुष्कळ अंशी यात आहे. म्हणून नुसता गाळ काढण्याची मागणी न करता सांडवा, पाळ आणि नहर यांची दुरुस्तीही त्याच अर्जात मागावी.

गाळ शेतात अवश्य टाकता येतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये नव्याने राबवण्यात आली. पाणीसाठ्यातून निघालेला गाळ वाहून शेतात पसरवण्यासाठी तिच्यात अल्पभूधारक आणि अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना एकरी १५,००० रुपयांपर्यंत, आणि अडीच एकरांच्या मर्यादेत कमाल ३७,५०० रुपये अनुदानाची तरतूद आहे. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांनाही ती लागू आहे. हे काम मृद व जलसंधारण विभागाकडून होते आणि ते उन्हाळ्यातच शक्य असते, तेव्हा ग्रामपंचायतीची मागणी हिवाळ्यातच गेली पाहिजे. मुरमाड बांधीत गाळ पसरवण्याआधी मातीची आणि गाळाचीही तपासणी करून घ्यावी. गाळ फार चिकण असल्यास एकाच वर्षी जाड थर देण्याऐवजी तो दोन-तीन उन्हाळ्यांत विभागून द्यावा.

प्रश्न : मी अनुसूचित जातीतील शेतकरी असून माझ्याकडे तीन एकर कोरडवाहू शेती आहे. संत्रा लावण्यासाठी मला शासकीय अनुदानातून विहीर घ्यायची आहे. योजना कोणती आणि ती मला मिळेल का?
(एक तरुण शेतकरी, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती)

उत्तर : आपल्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी असून जिल्हा परिषदेचे कृषी विकास अधिकारी ती राबवतात. तालुक्यात पंचायत समितीचे कृषी अधिकारी तिचे काम पाहतात, अर्ज मात्र महाडीबीटीवरच करावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी याच धर्तीवर बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन लागते, आणि २०२४ मध्ये विहिरीच्या अनुदानाची मर्यादा अडीच लाखांवरून चार लाख रुपये करण्यात आली. सातबाऱ्यावर आधीच्या विहिरीची नोंद नसावी, जात प्रमाणपत्र असावे आणि पाणी उपलब्धतेचा दाखला भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेकडून मिळावा लागतो.

आपली खरी अडचण या दाखल्यापाशी येण्याची शक्यता आहे. वरुड आणि मोर्शी या तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा होत असल्याचे भूजल मूल्यांकनात अनेक वर्षे नोंदले गेले आहे आणि अशा पाणलोटांत नव्या विहिरींवर निर्बंध असतात. आपला गट कोणत्या पाणलोटात येतो हे यंत्रणेच्या अमरावती कार्यालयातून जाणून घ्यावे आणि ते कळल्यावरच अर्ज भरावा. निर्बंध असल्यास आमचा सल्ला असा की, संत्र्याचा विचार काही काळ बाजूला ठेवून याच योजनेतील अन्य बाबी, म्हणजे शेततळ्याचे अस्तरीकरण आणि सूक्ष्म सिंचन, यांकडे वळावे. हजार फुटांपर्यंत गेलेल्या बोअरच्या भरवशावर उभ्या केलेल्या आणि पाणी आटल्यावर तोडाव्या लागलेल्या बागा आपल्याच परिसरात आपण पाहिल्या असतील. पाण्याचा स्रोत पक्का झाल्यावर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहेच. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि पुढचा हप्ता झाडे जगल्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो. ठिबकसाठी सर्वसाधारण योजनेतून दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे, परंतु ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर काढली जाते, विक्रेत्याच्या देयकावर नव्हे. खरेदीपूर्वी हा फरक विक्रेत्याकडून लेखी समजून घ्यावा.

प्रश्न : माझे शेत जंगलाला लागून आहे. रानडुकरे दरवर्षी पीक उद्ध्वस्त करतात. कुंपणासाठी कृषी कार्यालयात दोनदा अर्ज दिला, उत्तर आले नाही. आता काय करावे?
(एक शेतकरी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : सौर कुंपणाचे अनुदान वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून दिले जाते, म्हणून आपला अर्ज गावातील वन व्यवस्थापन किंवा परिस्थितिकी विकास समितीमार्फत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. पीक नुकसानीची भरपाईही वनविभागच देतो. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसेच राहू द्यावे.

उत्तर न आलेल्या अर्जांविषयी मात्र स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवणे आणि तसे शेतकऱ्याला कळवणे हे त्या कार्यालयाचे काम आहे, आणि ते न केल्याने आपले दोन हंगाम गेले असतील तर त्याची विचारणा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कोणताही अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महिनाभरात काही न कळल्यास त्याच क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. त्यात तक्रार मांडू नये. माझा अमुक क्रमांकाचा अर्ज आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, त्यावर कोणती टिपणी झाली आहे आणि या वर्षी तालुक्यात या योजनेचे लाभार्थी कोण आहेत, एवढेच विचारावे. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यानंतरही काम अडले तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनात तक्रार मांडता येते. तेथे जाताना शिक्क्याच्या सर्व प्रती सोबत असू द्याव्यात.